भीतीसकट या

प्रश्न : डॉक्टर, मी भांडुपला राहते. वय 46. घाटकोपरच्या एका पतपेढीत नोकरी करते. पाचवीत असताना माझी दाढ काढली होती. तेव्हा आम्ही करी रोडला चाळीत राहायचो. गाल सुजला होता, रात्रभर रडून काढली होती, म्हणून सकाळी काका मला जवळच्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथले डॉक्टर म्हणाले, "काही दुखत नाही, गप्प बस." इंजेक्शन दिलं आणि लगेच पकड लावली. मला सगळं कळत होतं. मी किंचाळत होते आणि काकांनी माझे दोन्ही हात धरून ठेवले होते. त्यानंतर मी दाताच्या दवाखान्याची पायरी चढलेली नाही.

दोन बाळंतपणं झाली, पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, कशालाच घाबरले नाही. पण दाताच्या दवाखान्यावरून जाताना तो वास आला तरी हात गार पडतात. डावीकडच्या खालच्या दोन दाढांची आता नुसती टरफलं उरली आहेत. त्यातली एक दोनदा सुजली, केमिस्टकडून गोळ्या आणून सूज उतरवली. पुढचा एक दात काळा पडलाय. ब्रश करताना रक्त येतं. ऑफिसात हसताना तोंडावर हात जातो, आता ती सवयच झाली आहे. वैशाखात मुलीचं लग्न आहे. ती म्हणते, "आई, निदान माझ्या लग्नाच्या फोटोत तरी हास." मिस्टर बरोबर आले होते, स्टेशनजवळच्या दवाखान्याच्या जिन्यापर्यंत गेलो आणि मी परत फिरले.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. इतके खराब दात बघून डॉक्टर ओरडतील का? सगळे दात काढायला सांगतील का? आणि इंजेक्शन दिल्यावर खरंच दुखत नाही का? माझ्या बाबतीत ते खोटं ठरलं होतं.

– एक वाचक, भांडुप

उत्तर : ताई, तुमचा तिसरा प्रश्न आधी घेते, कारण बाकी सगळं त्यावर अडलं आहे.

तुम्हाला त्या दिवशी खरोखर दुखलं होतं. तुम्ही लहान होतात म्हणून जास्त वाटलं, असं कुणी म्हणालं असेल तर ते मनातून काढून टाका. तुम्ही लिहिलेल्या चार ओळींत त्याची दोन कारणं दिसतात. एक, गाल सुजला होता. दाढेच्या मुळाशी पू झालेला असतो तेव्हा तिथल्या पेशींमधलं आम्ल वाढलेलं असतं, आणि भुलेचं औषध अशा जागी नीट काम करत नाही. दोन, सुई दिल्या दिल्या पकड लावली. खालच्या दाढेसाठी भूल देतात ती जबड्याच्या मागच्या बाजूला, जिथे मुख्य नस आत शिरते तिथे. तिथून ओठाचा अर्धा भाग जड होईपर्यंत काही मिनिटं थांबावंच लागतं. ती मिनिटं तुम्हाला कुणी दिली नाहीत. वर हात धरून ठेवले. म्हणजे दुखतंय, आणि दुखतंय हे सांगायची सोयही नाही. तुमची भीती तिथे तयार झाली आणि तिला पूर्ण कारण होतं.

आता आजचं सांगते. आपल्याकडे भुलेसाठी बहुतेक ठिकाणी लिग्नोकेन वापरतात. 1943 साली स्वीडनमध्ये ते तयार झालं आणि गेली कित्येक दशकं जगभर दातांच्या कामात त्यावर भरवसा आहे. सुई टोचण्याआधी हिरडीवर जेल लावून किंवा स्प्रे मारून ती जागा वरून सुन्न करता येते. औषध हळूहळू सोडलं तर तो ताणही कमी जाणवतो. त्यात थोडं अ‍ॅड्रेनलिन मिसळलेलं असतं, त्यामुळे भूल जास्त वेळ टिकते आणि रक्त कमी येतं. त्याच अ‍ॅड्रेनलिनने कधीकधी दोनेक मिनिटं छातीत धडधडतं. हे मी मुद्दाम सांगते आहे. घाबरलेल्या माणसाला वाटतं, आता मला काहीतरी होतंय. ते औषधाचं काम असतं, थोड्या वेळात थांबतं.

भूल चढल्यावर दुखणं जातं, दाब मात्र जाणवत राहतो. दाढ हलवताना ढकलल्यासारखं वाटेल, कानाशी करकर ऐकू येईल. हे आधी माहीत नसेल तर माणूस त्या दाबालाच दुखणं समजून अंग ताठ करतो. म्हणून काम सुरू करण्याआधी डॉक्टरांनी टोकदार अवजार हिरडीला लावून विचारायला हवं, "टोचतंय की नुसता दाब जाणवतोय?" टोचत असेल तर आणखी भूल द्यायची. पहिली पुरली नाही तर दातालगत बारीक सुईने दुसरी देता येते. पू फार असेल तर आधी त्याला वाट करून द्यायची, सूज उतरू द्यायची आणि दाढ नंतर काढायची. तेव्हा "इंजेक्शन दिल्यावर दुखत नाही का" याला माझं उत्तर असं आहे : नीट दिलं, पुरेसं दिलं आणि चढेपर्यंत थांबलं, तर दुखत नाही. तरी दुखलंच तर तुम्ही थांबवायचं. कसं, ते पुढे सांगते.

तुम्ही वासाचं लिहिलंत. तो वास बराचसा लवंगेचा असतो. लवंगेच्या तेलातला युजेनॉल नावाचा घटक झिंक ऑक्साइडमध्ये कालवून दातात तात्पुरतं सिमेंट भरतात, आणि हे फार जुन्या काळापासून चालत आलंय. स्वयंपाकघरात मसालेभाताला लवंग घालताना तुमचे हात गार पडत नाहीत, दवाखान्याच्या जिन्यावर पडतात. तुमच्या मनाने त्या वासाला तो दिवस बांधून ठेवलाय. तिथे बसून काहीही वाईट न होता तुम्ही परत आलात, असं काही वेळा घडलं की ती गाठ सैल पडते. समजावून सांगून पडत नाही, म्हणून मीही तुम्हाला "घाबरू नका" असं म्हणणार नाही.

आता ओरडण्याचं.

माझा दवाखाना परळला आहे. गिरण्या चालू होत्या तेव्हापासूनच्या चाळी आजूबाजूला आहेत, आणि आता टॉवरही. दोन्हीकडची माणसं येतात. वर्षानुवर्षं न आलेला माणूस खुर्चीत बसला की बहुतेक वेळा त्याचं पहिलं वाक्य असतं, "डॉक्टर, माझं तोंड फार घाण आहे हो." ते ऐकून मला दरवेळी वाईट वाटतं. माणसं दुखण्याला जेवढी भितात त्याहून जास्त या लाजेपायी घरी बसतात, असं माझं ठाम मत झालंय. दुखणं तर ती घरी सोसतच असतात, रात्र रात्र. दिवसा कामात लक्ष असतं, पण रात्री आडवं झाल्यावर डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो आणि दाढ ठणकायला लागते. ते सोसणाऱ्या माणसाला भित्रं म्हणणं मला पटत नाही.

दंतवैद्याला किडलेल्या दाढा, काळे दात, कीटण हे रोजचंच. तुमचं तोंड बघून त्याच्या मनात फक्त हिशेब चालू होतो : हे वाचेल, हे जाईल, आधी हे. तरीही ओरडणारे डॉक्टर आहेत, हे मी नाकारत नाही. एवढे दिवस काय करत होतात, असं विचारणारे आहेत. तसं कुणी बोललं तर उठा, "मी पुन्हा येईन" म्हणा आणि निघून या. तपासणीची फी दिली म्हणून बसून राहायलाच हवं असं नाही. मुंबईत दंतवैद्यांची कमतरता नाही, भांडुप स्टेशनच्या दोन्ही बाजूंना पाट्या दिसतात.

म्हणूनच आधी फोन करा. स्वतः करा, मिस्टरांना करायला लावू नका. असं सांगा : "मला दाताच्या डॉक्टरची फार भीती वाटते. बऱ्याच वर्षांत आले नाही. पहिल्या दिवशी मला फक्त दाखवायचंय, काही करून घ्यायचं नाही." समोरची व्यक्ती हे ऐकून काय म्हणते त्यावरून दवाखाना कळेल. "हो, चालेल, बोलायलाच या" असं उत्तर आलं तर जा. "या तर खरं, मग बघू" असं आलं तर दुसरीकडे फोन लावा. भीती आधी घालवायची आणि मग डॉक्टरकडे जायचं, असा क्रम तुम्ही मनात धरून बसला आहात. त्या क्रमाने ते घडत नाही. भीतीसकट जा, आणि ती पहिल्या वाक्यात सांगून टाका.

वेळ सकाळची पहिली घ्या. बाहेरच्या बाकावर बसून आतलं मशीन ऐकत थांबायला लागू नये म्हणून. भीती किती आहे हे मोजण्यासाठी दंतवैद्य पाच प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली वापरतात : उद्या जायचंय असं कळलं तर कसं वाटेल, बाहेर बसल्यावर कसं वाटेल, दात कोरताना, दात साफ करताना, हिरडीत इंजेक्शन घेताना. प्रत्येकाला 1 ते 5 गुण, 19 किंवा त्याहून जास्त आले तर भीती तीव्र. त्यात बाहेर थांबण्यावर वेगळा प्रश्न आहे, यावरूनच ते थांबणं किती जड असतं ते कळावं. घरी बसून तुम्ही हे गुण मांडा आणि कागद डॉक्टरांना द्या. बोलायला जमलं नाही तर कागद बोलेल.

निघताना पोटभर खा. पोळी-भाजी, उपमा, काय असेल ते. दाताकडे जायचं म्हणून उपाशी येणारे खूप असतात, आणि खुर्चीत चक्कर येते ती बऱ्याचदा त्यांनाच. रोजच्या गोळ्या चुकवू नका. मिस्टरांना आत घेऊन जा, त्यांच्यासाठी स्टूल मागा.

आत गेल्यावर लगेच त्या आडव्या खुर्चीत बसायची गरज नाही. साध्या खुर्चीत बसून बोला. नंतर दाताच्या खुर्चीत बसाल तेव्हा ती पूर्ण आडवी करू नका असं सांगा. पहिल्या दिवशी तोंडात फक्त आरसा जाऊ द्या. आणि एक गोष्ट ठरवून घ्या : डावा हात वर केला की डॉक्टरांनी हातातलं सगळं थांबवायचं. डावा अशासाठी की डॉक्टर बहुधा उजवीकडे बसतात, हात त्यांच्या अवजारांना लागत नाही. पुढच्या वेळी काम सुरू झाल्यावर काहीही दुखत नसताना एकदा मुद्दाम हात वर करून बघा. ते थांबले की नाही? थांबले तर तुमच्या अंगातला निम्मा ताण तिथेच उतरेल. पाचवीत तुमचे हात धरले होते, म्हणून तुमच्या बाबतीत हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. माझ्याकडे मदतीला असणाऱ्या मावशींना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पेशंटचा हात हातात घ्यायचा, पण पकडून ठेवायचा नाही.

एक बेस्टचे कंडक्टर माझ्याकडे यायचे. बाहेरच्या बाकावर बसायचे आणि त्यांचं नाव पुकारलं की ड्युटीची वेळ झाली म्हणून निघून जायचे. मावशींच्या ते लक्षात आलं. एक दिवस दवाखाना बंद करायच्या वेळी ते आले तेव्हा मी त्यांना म्हटलं, आज मी काही करणार नाही, मशीनही बंद आहे, तुम्ही नुसते खुर्चीत बसून जा. ते बसले. पायातले बूटही काढले नाहीत. मी खुर्ची वरखाली करून दाखवली, पाण्याचा फवारा त्यांच्या हातावर मारून दाखवला, थुंकी ओढून घेणारी नळी तळहाताला लावायला दिली. लहान मुलांना आम्ही आधी सांगतो, मग दाखवतो, मग करतो. मोठ्यांनाही तेच हवं असतं, ते मागायला संकोचतात एवढंच. त्या कंडक्टरांचं सगळं काम पुढे काही महिन्यांत झालं. प्रत्येक वेळी आधी हात पुढे करायचे, "दाखवा" म्हणायचे.

आता दातांकडे येते. सगळे काढतील का? न बघता कुणीच हे सांगू शकत नाही, पण तुम्ही लिहिलंय त्यावरून सगळे काढायचं काही कारण मला दिसत नाही. दात किडला म्हणून काढत नाहीत. हिरडीच्या वर धरायला किती दात उरलाय आणि खाली हाड किती आहे, हे बघून ठरवतात. त्यासाठी ओपीजी नावाचा एक्स-रे काढतात. उभं राहायचं, दातात एक छोटी पट्टी धरायची, मशीन डोक्याभोवती फिरतं, झालं. घशाकडे काही जात नाही. सगळे दात, मुळं, दोन्ही जबडे एका चित्रात दिसतात. पहिल्या भेटीनंतर हाच एक्स-रे काढून आणा आणि दुसऱ्या भेटीत तो समोर ठेवून बोला. तोंडात काही न घालता अर्ध्याहून जास्त निर्णय त्यावर होतात.

तुमच्या डावीकडच्या दोन दाढांची टरफलं बहुधा काढावी लागतील. त्यातली जी दोनदा सुजली ती पहिली. तिला आता गोळ्यांवर ठेवू नका. मेलेल्या दाताच्या आत रक्तपुरवठाच उरलेला नसतो, त्यामुळे पोटात घेतलेलं औषध तिथपर्यंत पोचत नाही. बाहेरची सूज बसते, आतलं घर तसंच राहतं. मधे काही महिने दुखलं नाही म्हणजे बरं झालं असंही नाही, आतली नस मेली की दुखणं थांबतं.

आणि एवढं लक्षात ठेवा : सूज हनुवटीखाली किंवा गळ्याकडे उतरली, तोंड उघडेना, गिळायला त्रास व्हायला लागला, ताप आला, तर सकाळची वाट बघायची नाही. रात्र असली तरी मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जायचं. सुजेवर बाहेरून गरम शेक देऊ नका.

काळ्या पडलेल्या पुढच्या दाताची तुम्हाला सगळ्यात जास्त लाज वाटते, आणि बहुतेक तोच सगळ्यात सोपा निघेल. असा दात काळा पडतो तो बहुधा आतली नस मेल्यामुळे. नस मेलेली असली की रूट कनाल करताना दुखायला फारसं काही शिल्लक नसतं, तरी भूल देतातच. नंतर तो आतून ब्लीच करून उजळवता येतो किंवा त्यावर कॅप बसवता येते. एक्स-रे बघून डॉक्टर सांगतील.

रक्त येतंय ते हिरड्यांमुळे. कीटण साचलंय, हिरड्या सुजल्यात, म्हणून ब्रश लागला की रक्त येतं. मग माणूस त्या जागी ब्रश लावायचं सोडतो आणि कीटण आणखी वाढतं. साफ करून घ्या. दात साफ केल्याने ते हलायला लागतात, इनॅमल निघून जातं, हे अगदी शिकलेल्या घरांतही ऐकू येतं. ते खरं नाही. ज्या फटी आधीपासून होत्या आणि कीटणाने भरून गेल्या होत्या, त्या मोकळ्या दिसतात, आणि काही दिवस गार पाणी झोंबतं. तुम्हाला एका बैठकीत सगळं करून घ्यायची गरज नाही. सहा-सात दातांपुरतं करा, घरी या, पुन्हा जा. साखरेची तपासणी झाली नसेल तर तीही करून घ्या. मधुमेह असला की हिरड्या लवकर बिघडतात, आणि हिरड्या बिघडल्या की साखर आटोक्यात राहत नाही.

लग्न वैशाखात, आणि आत्ता मार्गशीर्ष चालू आहे. वेळ पुरेसा आहे, पण अजून महिनाभर जिन्यापर्यंत जाऊन परत येण्याइतका नाही. या महिन्यात फोन, भेट, एक्स-रे. पौषात ती सुजणारी दाढ. मग हिरड्या. पुढच्या दाताची कॅप हिरड्या बऱ्या झाल्यावरच, कारण सूज उतरली की हिरडीची कड बदलते आणि आधी बसवलेली कॅप विजोड दिसते. काढलेल्या मागच्या दाढांची जागा हसताना दिसत नाही, तिथे काय बसवायचं ते लग्नानंतर ठरवा. हाड भरायलाही काही महिने लागतातच. खर्चाचा आकडा टप्प्याटप्प्याने लिहून मागा. पतपेढीत काम करता तुम्ही, हप्त्याचं तुम्हाला मी काय सांगणार!

खाजगीत झेपणार नसेल तर मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय आहे, महापालिकेचं, 1933 पासूनचं. मी तिथेच शिकले. सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जेस हॉस्पिटलच्या आवारात सरकारी दंत महाविद्यालय आहे. दोन्हीकडे खर्च खाजगीपेक्षा खूपच कमी. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढावा लागतो, गर्दी असते, आणि थांबावं लागतं. तुमच्यासारख्या घाबरलेल्या माणसाला ते थांबणं अवघड जाईल, हे खरंच आहे. पण तिथे शिकणारे तरुण डॉक्टर काम हळू करतात, प्रत्येक टप्प्यावर वरिष्ठांना बोलावून दाखवतात. घाई कुणालाच नसते. काही पेशंटना हेच मानवतं.

हे सगळं करूनही खुर्चीत बसताच आलं नाही, श्वास कोंडला, तरी मार्ग संपत नाही. नाकावर छोटा मास्क लावून नायट्रस ऑक्साइड देतात, माणूस जागा असतो पण शांत होतो. मुंबईतल्या काही दवाखान्यांत ही सोय आहे. शिरेतून गुंगीचं औषध द्यायचं असेल तर भूलतज्ज्ञ हजर असलाच पाहिजे, तो नसेल तर घेऊ नका. आणि भीतीवर काम करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांची मदत घेण्यातही काही गैर नाही. पण तुमचं पत्र वाचून मला वाटतं, डावा हात आणि सकाळची पहिली वेळ यावर तुमचं काम होईल.

प्रश्न : माझे वडील 72 वर्षांचे आहेत, लालबागला राहतात. गिरणीत होते तेव्हापासून मशेरी लावतात. तीन-चार दात हलतात, जेवता येत नाही. स्टेंट टाकल्यापासून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत. "दात काढला तर रक्त थांबणार नाही, मी खुर्चीतच जाईन" असं म्हणून ते दवाखान्यात येत नाहीत. गोळ्या चार दिवस बंद करून नेऊ का?

– लालबाग

उत्तर : गोळ्या स्वतःहून एक दिवसही बंद करू नका. स्टेंट टाकलेल्या माणसाने त्या अचानक सोडल्या तर रक्ताची गुठळी होऊन हृदयाला धोका होऊ शकतो, आणि तो धोका दात काढल्यावर येणाऱ्या रक्तापेक्षा कितीतरी मोठा आहे. हृदयाच्या डॉक्टरांकडून चिठ्ठी आणा : कोणत्या गोळ्या, किती, स्टेंट कधी टाकला. वॉरफॅरिनसारखी गोळी असेल तर आयएनआरचा, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणाऱ्या तपासणीचा, ताजा रिपोर्ट लागेल. बहुतेक वेळा गोळ्या चालू ठेवूनच दात काढतात. एका वेळी एक किंवा दोन, सकाळच्या वेळी, टाका घालून, आणि कापूस नीट दाबून धरायला लावून. रक्त थोडं जास्त वेळ पाझरतं. त्या दिवशी थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही, गरम चहा प्यायचा नाही.

तुमच्या वडिलांच्या भीतीला तुम्ही गप्पा मारून उडवू नका. ते ज्याला भितात ते अगदीच खोटं नाही. ही सगळी तयारी त्यांना त्यांच्यासमोर डॉक्टरांनी सांगितली पाहिजे, तुम्ही बाजूला बसा.

मला मात्र त्यांच्या दातांपेक्षा मशेरीची काळजी जास्त वाटते. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. गालाच्या आत किंवा हिरडीवर पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, तोंड पूर्वीइतकं न उघडणं, यातलं काही असेल तर दात राहू द्या, ते आधी दाखवा. याच आठवड्यात.

प्रश्न : माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. मागच्या दाढेवर काळा ठिपका दिसतो. दुखत नाही. सासूबाई म्हणतात, दुधाचा दात आहे, पडेल. तो ब्रश करत नाही तेव्हा आम्ही त्याला "डॉक्टरकडे नेऊन सुई टोचायला लावू" असं सांगतो. आता डॉक्टरचं नाव काढलं तरी रडतो. काय करावं?

– चारकोप

उत्तर : आधी ते वाक्य घरातून बंद करा, आजी-आजोबांनाही सांगा. ज्या माणसाच्या हातात उद्या मुलाला द्यायचंय त्याच्याच नावाने त्याला आज घाबरवायचं, याने पुढे त्याचे फार हाल होतात. भांडुपच्या ताईंचं पत्र सासूबाईंना वाचून दाखवा.

दाढेबद्दल सासूबाईंचं बरोबर असेलच असं नाही. सहाव्या वर्षी शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे पहिली कायमची दाढ येते. तिच्यासाठी कुठलाही दात पडत नाही, त्यामुळे ती कधी आली ते घरात कुणाला कळतच नाही आणि सगळे तिला दुधाची समजतात. ती आयुष्यभर टिकवायची असते. दुधाची असली तरी साधारण दहाव्या-अकराव्या वर्षापर्यंत तिच्यावरच तो जेवणार आहे, आणि ती लवकर गेली तर खालून येणाऱ्या दाताची जागा आक्रसते.

दुखत नाही तोवरच न्या. मुलांच्या दातांचे वेगळे डॉक्टर असतात, मिळाले तर त्यांच्याकडे. "काही दुखणार नाही" असं सांगू नका, कारण ते ऐकून त्याच्या मनात दुखण्याचा विचार येतो. "डॉक्टर तुझे दात मोजणार आहेत" एवढं पुरे. झोपेची वेळ सोडून सकाळी न्या, त्याला काय विचारायचं ते डॉक्टरांना विचारू द्या, मधे तुम्ही उत्तरं देऊ नका. पहिल्या दिवशी तो तोंडच उघडणार नाही असं झालं तरी रागावू नका, पुढच्या आठवड्याची वेळ घेऊन घरी या. ठिपका लहान असेल तर थोडं कोरून सिमेंट भरून काम होईल, बऱ्याचदा त्याला इंजेक्शनही लागत नाही.